सून गरोदर आहे. तिने ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सोडावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या एका ताईंचा मुलगा ओहायोत असतो, सून अमेरिकन आहे. काही वर्षांपूर्वी अपघातानंतर पाठदुखीसाठी दिलेल्या गोळ्यांची तिला सवय लागली आणि त्यातून पुढे फार वाईट दिवस आले. आता ती दीर्घकाळ ब्युप्रेनॉर्फिनवर, म्हणजे तलफ थांबवण्यासाठी रोज घ्यायच्या औषधावर, स्थिर आहे, नोकरी करते, आणि तिला पाचवा महिना सुरू आहे. व्हर्जिनियातल्या एका संशोधिकेचं काम ताईंच्या वाचनात आलं. हेच औषध गाभण उंदरांना दिलं तेव्हा पिल्लांच्या मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण बदललेलं दिसलं, असं त्यात होतं. ताई विचारतात: "तिने आत्ताच गोळी सोडलेली बरी नाही का? आम्ही सगळे पाठीशी आहोत आणि ती मनानेही खंबीर आहे. बाळ व्यसनी जन्माला येईल का? आणि मी बाळंतपणाला येणार आहे, तर मी नेमकं काय करू?"

मी नवजात बालकांची डॉक्टर आहे. शिक्षण महाराष्ट्रात झालं, काम ओहायो नदीच्या खोऱ्यात करते. अमेरिकेत ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामकांच्या आणि नशेच्या, साथीचा सर्वांत मोठा तडाखा बसलेल्या भागांपैकी हा एक. शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात २०१७ साली दर हजार बाळंतपणांमागे ५३ हून अधिक बाळांना जन्मानंतर औषध तुटल्याचा (आईकडून मिळणारं औषध किंवा नशा अचानक थांबल्याचा) त्रास झाल्याची नोंद आहे. देशभरात तो आकडा हजारी सातच्या आसपास होता. त्यामुळे तुमच्या सुनेसारख्या आया आणि त्यांची बाळं हे माझं रोजचं काम आहे.

ताई, उत्तर आधी देते. गोळी सोडू नये, परस्पर कमीही करू नये, आणि "निदान शेवटचे दोन महिने तरी नको" असा मधला मार्गही काढू नये. तुम्ही वाचलेलं संशोधन खरं आहे आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. पण त्यातून "गोळी सोडा" हा निष्कर्ष निघत नाही. का, ते नीट सांगते, कारण घरून सुनेला काय सल्ला जातो त्यावर खूप काही अवलंबून आहे.

ते काम डॉ. कार्मेन सातो-बिगबी यांच्या प्रयोगशाळेतलं, रिचमंडच्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठातलं. मेंदूतल्या चेतापेशींना लांब तंतू असतात आणि त्यांच्याभोवती मायलिन नावाचं स्निग्ध आवरण चढतं, वायरीवर प्लॅस्टिक असतं तसं. आवरण नीट असेल तर संदेश झपाट्याने जातात. ते चढवण्याचं काम ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी करतात. माणसाच्या बाळात हे काम गर्भावस्थेच्या उत्तरार्धात सुरू होतं, पहिली दोन वर्षं जोरात चालतं आणि विशी उलटेपर्यंत पूर्ण होत नाही. आपलं शरीर स्वतःचीही ओपिऑइड द्रव्यं तयार करतं, एंडॉर्फिन हे त्यातलं सर्वांच्या ऐकण्यातलं. आवरण घालणाऱ्या या पेशींवर ओपिऑइड ओळखणारे रिसेप्टर असतात आणि वाढीच्या टप्प्यागणिक त्यांचं प्रमाण बदलतं. मग बाहेरून आलेलं ओपिऑइड या कामात ढवळाढवळ करेल का, हा प्रश्न आपोआपच उभा राहतो.

२००८ साली त्यांनी त्याचं पहिलं मोठं उत्तर प्रसिद्ध केलं. गाभण उंदरांना छोटे पंप बसवून दिवसरात्र ब्युप्रेनॉर्फिन दिलं, काहींना कमी मात्रेत (वजनाच्या दर किलोला रोज ०.३ मिलिग्रॅम), काहींना जास्त (१ मिलिग्रॅम). कमी मात्रेच्या पिल्लांत मायलिनचं एक मुख्य प्रथिन नेहमीपेक्षा लवकर आणि जास्त तयार झालं. जास्त मात्रेच्या पिल्लांत उलट उशीर झाला. पिल्लं २६ दिवसांची झाल्यावर मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा कॉर्पस कॅलोसम सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. दोन्ही गटांत आवरण चढलेले तंतू जाड झाले होते, पण जाडीच्या मानाने आवरण पातळ होतं. तंतू आणि आवरण यांच्यातला मेळ कुठेतरी बिघडला होता. पुढे २०१४ साली याच प्रयोगशाळेने मेथाडोन हे याच आजारावरचं दुसरं औषध तपासलं. तिथे आवरणाचं काम वेळेआधीच वेग घेताना दिसलं. मधल्या काळात पेशी वाढवून केलेल्या प्रयोगांत हेही कळलं की ब्युप्रेनॉर्फिन एकाच रिसेप्टरवर काम करत नाही. एका प्रकारच्या रिसेप्टरमार्फत ते या पेशींच्या वाढीला चालना देतं, तर दुसऱ्या प्रकारच्या मार्फत तिला अटकाव करतं. कमी आणि जास्त मात्रेचे परिणाम परस्परविरुद्ध का, याचा काहीसा उलगडा त्यातून होतो.

हे काम मला मोलाचं का वाटतं, ते सांगते. माणसांत या औषधाचा परिणाम सुटा करून पाहणं जवळजवळ अशक्य असतं. ज्या बाईच्या गर्भात औषध गेलं, तिच्या आयुष्यात बहुतेक वेळा सिगारेट असते, अपुरं खाणं असतं, मारहाण असते, नैराश्य असतं, कधी इतर नशाही असते. बाळात पुढे काही कमी दिसलं तर दोष नेमका कशाचा? उंदरात हे सगळं बाजूला काढता येतं. तिथे मायलिन बदललं, तर ते औषधानेच बदललं असं म्हणता येतं.

याच प्रयोगाच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. उंदराचं शरीर औषध वेगळ्या वेगाने पचवतं, त्यामुळे त्याची मात्रा माणसाच्या मात्रेशी थेट जुळवता येत नाही. उंदराचं पिल्लू आपल्या बाळापेक्षा खूपच अपक्व मेंदू घेऊन जन्मतं. आवरण थोडं पातळ म्हणजे पुढे चालायला उशीर, बोलायला उशीर की काहीच नाही, हे त्या काचपट्टीवरून कळत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्या प्रयोगात औषध मिळालेली पिल्लं आणि काहीही न मिळालेली पिल्लं यांची तुलना होती. तुमच्या सुनेपुढची निवड तशी नाही.

ही एक गोष्ट घरात सगळ्यांना समजावून सांगा. तिच्यापुढे "औषध की काहीच नाही" असे पर्याय नाहीत. "औषध की पुन्हा नशेकडे घसरण्याचा मोठा धोका" असे आहेत. व्यसनाचा हा आजार इच्छाशक्तीच्या कमतरतेचा असता तर तुमचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. पण दीर्घकाळ ओपिऑइड घेतल्यावर मेंदूतली वेदनेची, ताणाची आणि सुखाची यंत्रणाच बदलते. हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात व्हिन्सेंट डोल, मारी निस्वांडर आणि मेरी जीन क्रीक यांनी १९६० च्या दशकात ओळखलं आणि मेथाडोनचे उपचार सुरू केले. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मात्रेत, लांब टिकणारं औषध दिलं की तलफ आणि तुटण्याचा त्रास दोन्ही थांबतात आणि माणूस आयुष्याला लागतो. ब्युप्रेनॉर्फिन हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा. अमेरिकेत या आजारासाठी त्याला २००२ साली मान्यता मिळाली. ते रिसेप्टरला घट्ट धरून बसतं पण त्याला अर्धवटच चालू करतं, म्हणून त्यातून श्वास बंद पडण्याचा धोका हेरॉइन किंवा फेंटॅनिल (अतिशय तीव्र कृत्रिम ओपिऑइड) यांच्यापेक्षा खूप कमी असतो.

आता ही गोळी गरोदरपणात सोडली तर काय होतं? बऱ्याच जणी पुन्हा घसरतात. गोळी सोडलेल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, म्हणून पूर्वी पचलेला डोससुद्धा जीव घेऊ शकतो. त्यातून आज रस्त्यावर मिळतं ते बहुतेक फेंटॅनिल, आणि त्यात किती काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पोटातल्या बाळाच्या दृष्टीने पाहा. एकीकडे दिवसभर एका पातळीवर राहणारं औषध, दुसरीकडे दिवसातून अनेकदा वरखाली होणारी नशा, मध्येच तुटणं, कधी आईचा श्वास मंदावणं. बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला तर होणारं नुकसान मायलिनच्या जाडीच्या प्रश्नापेक्षा कितीतरी मोठं असतं. म्हणूनच अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस गरोदरपणात औषध सोडवण्याची नाही, मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू ठेवण्याची आहे.

माणसांतला पुरावा काय म्हणतो? हेंड्री जोन्स आणि सहकाऱ्यांची 'मदर' नावाची चाचणी २०१० च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाली. गरोदर बायकांना चिठ्ठी टाकल्यासारखं मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन दिलं गेलं आणि १३१ बाळांचे निकाल तपासले. ब्युप्रेनॉर्फिनच्या बाळांना त्रास उतरवायला सरासरी १.१ मिलिग्रॅम मॉर्फिन लागलं, मेथाडोनच्या बाळांना १०.४. रुग्णालयातला मुक्काम १० दिवस विरुद्ध साडेसतरा. पण त्याच चाचणीत ब्युप्रेनॉर्फिन अर्ध्यावर सोडणाऱ्या बायका जास्त होत्या, ३३ टक्के, मेथाडोनच्या १८ टक्के. म्हणून जिला मेथाडोनच मानवतं तिला उगाच बदलायला लावू नये, असं माझं ठाम मत आहे. या चाचणीतली मुलं तीन वर्षांची होईपर्यंत तपासत राहिले. दोन औषधांच्या गटांत वाढीचा फरक दिसला नाही आणि मुलं सर्वसाधारणपणे वयाप्रमाणे वाढत होती. २०२२ साली अमेरिकेच्या मेडिकेड या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेतल्या नोंदींवरून झालेल्या खूप मोठ्या अभ्यासात ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्यांत मुदतपूर्व प्रसूती १४.४ टक्के होत्या, मेथाडोन घेणाऱ्यांत २४.९ टक्के. कमी वजनाची बाळंही कमी होती. मुदतपूर्व जन्म टळणं हीच मेंदूसाठी फार मोठी गोष्ट आहे, हे नवजात विभागात काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

दुसरी बाजूही सांगते, लपवत नाही. गर्भात ओपिऑइडचा संपर्क आलेल्या बाळांचे जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांतले एमआरआय पाहणारा 'ओबो' नावाचा अमेरिकी अभ्यास आहे. सिनसिनाटीच्या डॉ. स्टेफनी मेरहार त्यात आघाडीवर आहेत. त्यात या बाळांच्या मेंदूचं आकारमान सरासरीने इतर बाळांपेक्षा थोडं कमी आढळलं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये जू ली ओई आणि सहकाऱ्यांनी शाळेतल्या परीक्षांचे निकाल तपासले. ज्यांना जन्मल्यावर औषध तुटण्याचा त्रास झाला होता, ती मुलं तिसरीपासून मागे होती आणि सातवीपर्यंत अंतर वाढलेलं होतं. ते वाचून मला वाईट वाटलं होतं. पण त्याच अभ्यासात दुसरी नोंद आहे. पालक अधिक शिकलेले असतील तर मागे पडण्याचा धोका कमी होता. शिवाय त्या मुलांच्या आयांत उपचार नीट घेणाऱ्या किती आणि रस्त्यावरचं हेरॉइन घेणाऱ्या किती, हे त्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. म्हणजे घर, शिक्षण, आईची तब्येत आणि औषध या सगळ्यांची गुंतागुंत तिथेही आहेच. यातून मी घेते तो अर्थ असा: या मुलांवर शाळेत जाईपर्यंत बारीक लक्ष हवं. आईचं औषध काढून घ्यायला यात आधार सापडत नाही.

बाळ व्यसनी जन्माला येईल का, तर नाही. त्याचं शरीर औषधाला सरावलेलं असेल आणि नाळ तुटल्यावर ते मिळायचं थांबेल, म्हणून काही दिवस त्रास होऊ शकतो. त्यावर उपचार आहेत आणि तो त्रास संपतो. मेडिकेडच्या त्याच अभ्यासात, गरोदरपणाच्या शेवटी ब्युप्रेनॉर्फिन घेत असलेल्यांपैकी साधारण निम्म्या बाळांना असा त्रास झाला होता. म्हणजे तुमच्या नातवंडाला होईलच असं नाही, पण झाला तर कुणाला धक्का बसू नये इतकी तयारी असू द्या. आणि सुनेची मात्रा मोठी म्हणून बाळाला त्रास मोठा, असं गणित नसतं. हे मुद्दाम सांगते, कारण गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं, औषध लवकर बाहेर पडतं, आणि सातव्या-आठव्या महिन्यात अनेकींना मात्रा वाढवावी लागते किंवा दिवसातून तीनचार वेळा विभागून घ्यावी लागते. त्या वेळी घरच्यांचे चेहरे पडले की ती बिचारी गुपचूप कमी घेऊ लागते आणि तिथून घसरण सुरू होते. मात्रा वाढवली असं तिने सांगितलं तर "डॉक्टरांनी सांगितलंय ना, मग घे" एवढंच म्हणा.

बाळाचा त्रास खरोखर वाढवते ती सिगारेट. सून ओढत असेल तर ती सोडायला मदत करा. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या, गॅबापेंटिन असं काही सोबत चालू असेल तर तेही तिच्या डॉक्टरांना माहीत असायला हवं. तेही परस्पर बंद करायचं नाही.

प्रसूतीच्या वेळचे दोन मुद्दे तिने आधीच लिहून फाइलला लावून ठेवावेत. कळा सुरू झाल्या तरी ब्युप्रेनॉर्फिन चालूच राहतं, वेदनेसाठी एपिड्युरल वेगळं देतात. आणि नाल्बुफिन, ब्युटॉर्फेनॉल ही वेदनाशामकं तिला द्यायची नाहीत, कारण त्यांनी तिचं औषध एकदम तुटतं. रात्रपाळीच्या नव्या माणसाला हे ठाऊक असेलच असं गृहीत धरू नये. अमेरिकेत अशा बाळांसाठी सुरक्षित संगोपनाची लेखी योजना करण्याचा नियम आहे. तिचा तपशील राज्यागणिक बदलतो. रुग्णालयाच्या समाजसेविकेला सातव्या महिन्यातच भेटून ती तयार करून घ्या. प्रसूतीनंतर थकलेल्या आईपुढे अचानक सरकारी बाई उभी राहिली की घर हादरतं. तेच आधी ठरलेलं असेल तर अर्ध्या तासाचं काम असतं.

आता बाळ झाल्यावरचं. ब्युप्रेनॉर्फिनचा त्रास बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागतो, म्हणून चार ते सात दिवस रुग्णालयात ठेवून पाहतात. पहिल्या दिवशी बाळ छान आहे म्हणून घरी जायची घाई करू नका. दिसतं ते असं: बाळ टिपेच्या आवाजात रडतं, अंगाला हात लावला की हातपाय थरथरतात, पाय ताठ धरतं, एकामागून एक शिंका आणि जांभया देतं, मुठी चोखत राहतं पण दूध नीट ओढत नाही, शी पातळ होते आणि ढुंगण लाल होऊन सोलवटतं. १९७५ मध्ये फिलाडेल्फियाच्या लोरेटा फिनेगन यांनी या लक्षणांना गुण देण्याचा तक्ता केला. त्याने फार मोठी सोय झाली, कारण तोवर प्रत्येकजण आपल्या अंदाजाने ठरवायचा. पण तो तक्ता भरायला दर तीनचार तासांनी बाळाला हाताळावं लागतं. शांत झोपलेलं बाळ उठवलं की थरथरतं, थरथरलं की गुण वाढतात, गुण वाढले की मॉर्फिन सुरू होतं, आणि एकदा सुरू केलेलं मॉर्फिन हळूहळू उतरवायला आठवडे जातात.

येल विद्यापीठाच्या न्यू हेवन इथल्या बाल रुग्णालयात मॅथ्यू ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी हा क्रम बदलला. त्यांनी तीनच प्रश्न ठेवले. बाळ पोटाला पुरेल इतकं दूध घेतंय का? एक तास सलग झोपतंय का? रडू लागलं तर दहा मिनिटांत शांत होतंय का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर शिंका किती आल्या ते मोजायचं नाही. नसेल, तर आधी आई, अंधार, शांतता आणि मांडी, औषध त्यानंतर. २०१७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले आकडे आजही मला थक्क करतात. सरासरी मुक्काम २२.४ दिवसांवरून ५.९ वर आला आणि मॉर्फिन लागणाऱ्या बाळांचं प्रमाण ९८ टक्क्यांवरून १४ वर. एका रुग्णालयाचं कौतुक म्हणून कुणी सोडून दिलं असतं, म्हणून अमेरिकेतल्या २६ रुग्णालयांत १३०५ बाळांवर चाचणी झाली. तिचे निकाल २०२३ मध्ये आले: बाळ घरी जायला तयार व्हायला नव्या पद्धतीने सरासरी ८.२ दिवस, जुन्या पद्धतीने १४.९. औषध लागलं ते १९.५ टक्के बाळांना, जुन्या पद्धतीत ५२ टक्के. आईपासून दूर, दिव्यांच्या झगमगाटात, यंत्रांच्या आवाजात ठेवण्यानेच बाळांचा त्रास किती वाढत होता, हे त्यातून कळलं. म्हणून सुनेचं नाव घातलेल्या रुग्णालयात ही पद्धत वापरतात का आणि बाळ आईच्या खोलीतच ठेवतात का, हे आत्ताच विचारा. दोन रुग्णालयांत निवड करायची वेळ आली तर मी याच एका मुद्द्यावर करेन.

आणि ताई, तुम्ही काय करू शकता, तर इथे तुमच्याइतकं उपयोगी कुणी नाही. बाळाला पातळ सुती दुपट्यात गुंडाळा, हात छातीशी जुळलेले आणि पाय पोटाशी सैल दुमडलेले राहतील असं. कमरेखाली आवळू नका, खुब्यांना मोकळीक हवी. उभं धरून, एक हात बुडाखाली आणि एक मानेमागे ठेवून, वरखाली अगदी संथ झुलवा. आडवं हलवण्यापेक्षा या बाळांना हे जास्त मानवतं. डोळ्यांत पाहणं, बोलणं आणि झुलवणं एकाच वेळी करू नका, एका वेळी एकच. पडदे ओढा, टीव्ही बंद, भेटायला येणारे बंद. आपल्याकडे बाळंतिणीची खोली अंधारी, उबदार आणि शांत ठेवत, ती शिस्त इथे तंतोतंत लागू पडते. मात्र धुरी नको, गुटी नको, मध नको. आई झोपलेली असताना उघड्या छातीवर बाळ घेऊन बसायची पाळी मुलाकडे द्या. बाबाच्या छातीवरही बाळ तितकंच शांत होतं. आणि झोपवायचं ते पाठीवर, त्याच्या स्वतःच्या पाळण्यात.

अंगावरचं दूध पाजावं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुनेला "त्यातून औषध जाईल" म्हणेलच. ती ब्युप्रेनॉर्फिनवर स्थिर असेल, दुसरी नशा नसेल आणि डॉक्टरांनी वेगळ्या कारणाने नको म्हटलं नसेल तर जरूर पाजावं. दुधातून जाणारं प्रमाण अत्यल्प असतं आणि पाजलेल्या बाळांना त्रास कमी होतो, औषधही कमी लागतं.

अफू आणि तान्हं बाळ हा विषय आपल्याला परका नाही. मुंबईच्या गिरणगावात पाळीवर जाणाऱ्या आया बाळाला अफूची बाळागोळी चारून झोपवून जात, कारण घरात बघायला कुणी नसे. त्या बायकांवर ठपका ठेवून काही बदललं नसतं. बदल झाला तो पाळणाघरं आणि दवाखाने आल्यावर. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगणने व्यसन हा आजार आहे हे महाराष्ट्राच्या मनावर बिंबवलं, आणि टोचून नशा घेणाऱ्यांसाठी ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार आज भारतातही एड्स नियंत्रण कार्यक्रमामार्फत सरकार देतं. नातेवाइकांनी विचारलं तर एवढं सांगायला पुरे. सुनेचा आजार सगळ्यांना सांगायचा की नाही, हे मात्र तिचं तिला ठरवू द्या.

प्रसूतीनंतरच्या वर्षाबद्दल मात्र मला काळजी वाटते आणि तुम्हीही सावध राहावं. गरोदरपणात सगळ्यांचं लक्ष असतं. बाळ झालं की ते लक्ष बाळाकडे जातं आणि आईच्या तपासण्या सुटतात. मॅसॅच्युसेट्समधल्या नोंदी पाहिल्या तर या आयांत ओव्हरडोसचं प्रमाण गरोदरपणाच्या शेवटी सर्वांत कमी होतं आणि प्रसूतीनंतर सातव्या ते बाराव्या महिन्यात सर्वांत जास्त. झोप नाही, मन खचलेलं, विमा संपलेला, मदतीला आलेली माणसं परत गेलेली. तुम्ही व्हिसावर सहा महिने येणार असाल तर सगळे महिने सुरुवातीलाच खर्च करू नका. मुलगा बाळंतपणाची रजा घेणारच आहे. तुम्ही काही काळ मागे ठेवून बाळ सहासात महिन्यांचं असताना परत या. आणि घरात नालोक्सोनचा, म्हणजे ओव्हरडोस उतरवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा फवारा ठेवा. तो दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो. तो ठेवणं म्हणजे सुनेवर अविश्वास नाही, हे तिला सांगून ठेवा. तो मोठ्या माणसाच्या ओव्हरडोससाठी आहे. जन्मलेल्या बाळाला नालोक्सोन देत नाहीत, त्याने झटके येऊ शकतात.

बाळाच्या वाढीवर नजर ठेवायची ती अशी: नियमित तपासण्यांना डोक्याचा घेर आणि वजन, पहिल्या वर्षात मान धरणं, बसणं, आवाजाकडे वळणं, डोळे तिरळे आहेत का, दोन वर्षांपर्यंत शब्द, पुढे एकाग्रता आणि वागणं. काहीही मागे वाटलं तर "होईल मोठं झालं की" म्हणत थांबू नका. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी घरी येऊन व्यायाम आणि वाणी-उपचार देणारी सरकारी सोय प्रत्येक राज्यात आहे आणि आईबाप स्वतः फोन करून नाव नोंदवू शकतात. मायलिन चढण्याचं सर्वांत मोठं काम याच वर्षांत होतं, म्हणून ही वर्षं वाया जाऊ नयेत असा माझा आग्रह असतो.

शेवटी तुमच्या पत्रातला छोटा प्रश्न. संशोधनासाठी कुणी विचारलं तर सुनेने बाळाचं नाव द्यावं का? तिला बरं वाटत असेल तर द्यावं, असं मी म्हणेन. उंदरातल्या प्रयोगाने उभे केलेले प्रश्न माणसांत सोडवण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २७ केंद्रांत हजारो कुटुंबांना बरोबर घेऊन मुलं साधारण दहा वर्षांची होईपर्यंतचा अभ्यास सुरू केला आहे. त्यात औषधाचा संपर्क आलेली आणि न आलेली, दोन्ही प्रकारची मुलं आहेत. एमआरआयसाठी बाळाला गुंगीचं औषध देत नाहीत. दूध पाजून, गुंडाळून, कानांवर आवाज अडवणारी टोपणं लावून नैसर्गिक झोपेतच ते करतात. जाग आली तर थांबतात. घेतलेली माहिती गोपनीय ठेवण्याचं कायद्याचं संरक्षण या संशोधनाला आहे, पण बाळाच्या जिवाला धोका दिसला तर कळवण्याचा अपवाद संमतिपत्रात लिहिलेला असतो. तो परिच्छेद तिने सही करण्याआधी नीट वाचावा आणि न समजल्यास विचारावा. नको वाटलं तर नाही म्हणावं, त्याने उपचारांत काही फरक पडत नाही.